आडनावांची मोजदाद
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मघाशी माझे नाव पुकारले तेव्हा निम्म्या जणांनी एकमेकांकडे पाहिले. ही कोण? मग मी ‘जाधव’ म्हटले आणि ओळख पटली. आपल्या वर्गात चार जाधव होते. सर वडिलांचे नाव जोडून हजेरी घ्यायचे, तरी आम्ही दोघी एकदम ‘हजर’ म्हणायचो. आज बोलायचे आहे ते आडनावांबद्दलच.

निवृत्तीनंतर मी माहेरची वंशावळ लिहायला घेतली. नातीने संगणकावर तक्ता करून दिला आणि विचारले, “आजी, यात सगळ्यांत जास्त वेळा कोणते आडनाव येते गं?” मी म्हटले, त्यात काय विचारायचे? जाधव!

मोजायला बसले तेव्हा कळले की प्रकरण एवढे सरळ नाही. आजोबा शाळेच्या दाखल्यावर जाधव आणि सातबाऱ्यावर पाटील. गावची पाटीलकी आमच्या घरात होती. 1962च्या कायद्याने वंशपरंपरेची पाटीलकी संपली, पण एका शाखेला आडनाव चिकटले ते चिकटलेच. दुसरी शाखा मुंबईला गिरणीत गेली आणि गावाच्या नावाला ‘कर’ लावून राहिली. गावात राहणारा गावाचे नाव कशाला लावेल? ते बहुधा गाव सोडल्यावरच लागते. म्हणजे एकाच घराची तीन आडनावे. उलट पाटील कितीतरी जातींत आहेत, तेव्हा दोन पाटील भेटले म्हणून भाऊबंद ठरत नाहीत. तुमच्यापैकी कोणी मोजणार असाल तर कागदावर जे असेल तेच आधी लिहा, मूळ आडनाव शेजारच्या रकान्यात. मी आधी सगळ्यांना जाधव करून टाकले होते, ते पुन्हा निस्तरावे लागले.

मग सुनांकडे वळले. काकांकडच्या जुन्या कागदावर सात पिढ्या होत्या, पण एकही बाई नव्हती. जणू पुरुषांना पुरुषच झाले! विचारपूस करून मी सव्वीस सुनांची नावे जमवली आणि माहेरच्या आडनावाचा रकाना आखला. आई शिंद्यांची. आजीही शिंद्यांचीच, कारण वडिलांना मामाची मुलगी केली होती. त्याच गावातून आणखी तिघी आल्या. म्हणजे पाच शिंदे. बाकीची आडनावे एकेकदा, दोनदा. आणि चौदा जणींपुढे काहीच नाही. नातीला मी खरे उत्तर दिले: जाधवांच्या घरात आलेल्या बायकांचे सगळ्यांत जास्त वेळा आलेले आडनाव म्हणजे कोरी जागा.

त्यातली एक जागा भरली ती भावाच्या घरी, दिवाळीची भांडी घासताना. पितळी परातीच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले नाव होते, मोहित्यांचे. पणजीच्या वडिलांनी लग्नात दिलेली परात. लहानपणी त्याच परातीत मी किती वेळा कणीक मळली असेल, पण काठ वाचला नव्हता.

दुसरी माहिती मात्र हातची गेली. थोरल्या आत्याला घरातल्या सगळ्या सुनांची माहेरे तोंडपाठ होती. “सुट्टीत ये, सगळे सांगते,” म्हणाली होती. मी म्हटले, आत्या, दिवाळीला येते. ती भाद्रपदातच गेली.

हा मेळावा ठरवताना मुलगे दोन आठवड्यांत सापडले. मुलींच्या मागे आम्ही पाच महिने फिरलो आणि अजून नऊ जणी सापडलेल्या नाहीत. हजेरीपटातली आडनावे आमच्याकडे होती, पुढची नव्हती.

दाराजवळच्या टेबलावर वही ठेवली आहे. त्यात आडनावाचे दोन रकाने आहेत. जेवायला जाण्याआधी दोन्ही भरा. आणि त्या नऊ जणींपैकी कोणाचे सासर ठाऊक असेल, तर शेवटच्या पानावर लिहा.