“काम काय?” – “काही नाही, घरीच असते”

(महिला मेळाव्यात केलेलं भाषण)



आजचा विषय ‘बाईचं न दिसणारं काम’ असा आहे. त्यावर अभ्यासाने बोलणाऱ्या इथं बऱ्याच जणी आहेत. मी फक्त ज्या घरात वाढले त्याबद्दल सांगणार आहे.

भांडुपला, आग्रा रोडच्या म्हणजे आजच्या लाल बहादूर शास्त्री मार्गाच्या मागच्या गल्लीत आमचं घर होतं. घर कसलं, लॉजिंग-बोर्डिंगच! दारावर पाटी होती : ‘जेवणाची व राहण्याची सोय’. माळ्यावरच्या दोन खोल्यांत आठ खाटा आणि राहणारे सोळा जण. एक जण पहिल्या पाळीला कारखान्यात गेला की रात्रपाळीहून आलेला त्याच खाटेवर आडवा व्हायचा. शिवाय नुसते जेवायला येणारे वीसेक. सगळ्यांना आम्ही ‘मेंबर’ म्हणायचो. ते आईला वहिनी म्हणत.

आई पहाटे साडेतीनला उठायची. मी आणि धाकटी बहीण शाळेआधी भांडी घासायचो, कणीक मळायचो. दादा मात्र अभ्यासाला बसायचा. रात्री शेवटची पंगत उठली की स्वयंपाकघर पुसून आम्ही तिथंच अंथरूण घालायचो. आमची अशी जागा तेवढीच, आणि तीही अकरानंतर.

बरेच मेंबर रत्नागिरीकडचे. माझं अक्षर चांगलं, म्हणून त्यांच्या मनिऑर्डरी आणि पत्रं मी लिहायचे, गावाहून आलेली उत्तरं वाचून दाखवायचे. लावणी झाली, म्हैस व्याली, सासूचं दुखणं, पोराची फी. इकडे माझी आई त्यांना जेवू घालत होती, तिकडे त्यांच्या बायका शेत आणि म्हातारी माणसं सांभाळत होत्या. कारखाना पगार एकालाच द्यायचा, पण तो पाळीला उभा राहायचा दोन बायकांच्या कष्टावर. हे मला तेव्हा सांगता आलं नसतं, पण दिसत होतं.

१९७१ च्या जनगणनेला प्रगणक आला. वडील गल्ल्यावर होते. “मालक, काम?” “हॉटेल चालवतो.” “बाईंचं काम काय?” “काही नाही, घरीच असते.” आत आई चाळीस माणसांची आमटी ढवळत होती. त्या जनगणनेत मुख्य काम कोणतं ते विचारत. घरकाम ठरलं की बाई काम करणाऱ्यांत धरली जात नसे. आई धरली गेली नाही.

पुढच्याच वर्षी, १९७२ साली, मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाईविरुद्ध बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. शेजारणी बोलवायला आल्या. आई म्हणाली, “माझं लाटणं न्या, पण संध्याकाळच्या आत परत द्या. दीडशे पोळ्या व्हायच्यात.” लाटणं मोर्च्याला जाऊन आलं, आई नाही.

तरी आई गरीब गाय नव्हती. एकदा एका मेंबराने जिन्यात माझा हात धरला. मी आईला सांगितलं. तिनं मला उलट एक प्रश्न विचारला नाही. त्याची ट्रंक उचलून गल्लीत ठेवली. वडील म्हणाले, “अगं, चार महिन्यांचं बिल थकलंय त्याचं!” “बुडू दे,” आई म्हणाली, “हे घर आधी माझ्या पोरींचं, मग मेंबरांचं.” त्या दिवशी प्रथमच ते मला घर वाटलं.

१९७५ साली प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. सावकाराच्या व्याजात अडकलेल्या या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जं मिळवून दिली, तीही एकमेकींच्या जामिनावर. तारण ठेवायला दागिना नाही, घर नाही, पण तिचा धंदा आहे आणि ती पैसे फेडील, हे बँकेला मान्य करावं लागलं. आमच्या गल्लीपर्यंत हे वारं आलं नाही. आईचं नाव गल्ल्याच्या वहीवर कधी चढलं नाही, दारावरच्या पाटीवरही नाही.

म्हणून एवढंच सांगते. पुन्हा प्रगणक दारात येईल तेव्हा स्वयंपाकघरातून बाहेर या. “काम काय?” याचं उत्तर घरातल्या दुसऱ्या कुणाला देऊ देऊ नका. हात पिठाचे असले तरी चालतील.