वाचलं, समजलं... आता करायचं काय?

(भागाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे, अडखळलेली वाक्यं तेवढी सरळ केली आहेत.)

कुणी हे पनवेल लोकलमध्ये कानात हेडफोन घालून ऐकत असेल, कुणी पोळ्या लाटता लाटता, कुणी रात्रपाळी संपवून घरी येताना.

आजचा विषय ऐकायला साधा आहे. पवित्र शास्त्र शिकणं आणि ते आचरणात आणणं. शिकायची सोय आज आहे तेवढी आपल्या आजी-आजोबांना कधीच नव्हती. मोबाइलवर मराठी बायबल फुकट मिळतं, वाचता येतं, ऐकता येतं. रोज सकाळी ग्रुपवर वचन येतं, आपण हात जोडल्याचं चित्र टाकतो आणि चार ग्रुपवर पुढं पाठवतो. सलग किती दिवस वाचन झालं ते अ‍ॅप मोजून दाखवतं. हे सगळं चांगलंच आहे. पण वाचल्यामुळे सोमवारी माझ्या वागण्यात काय फरक पडला, हे कुठलंच अ‍ॅप मोजत नाही.

याकोबाच्या पत्रात पहिल्याच अध्यायात आरशाचा दाखला आहे. माणूस आरशात तोंड बघतो, निघून जातो आणि आपण कसे दिसतो हे विसरतो. वचन नुसतं ऐकणारा तसाच, असं याकोब म्हणतो. आता बघा, त्या माणसाने आरशात बघितलंच नाही असं नाही. बघितलं, नीट दिसलंही. बिघडलं ते त्यानंतर.

म्हणून आज आपण नहेम्याच्या पुस्तकातला आठवा अध्याय घेऊ या. बायबल जवळ असेल तर उघडा. गाडीत उभे असाल तर नुसतं ऐका, घरी गेल्यावर वाचा.

प्रसंग असा आहे. बंदिवासातून परत आलेले लोक. यरुशलेमेचा तट नुकताच बांधून झालाय. सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी सगळे पाणीवेशीसमोरच्या चौकात जमतात. पुरुष, स्त्रिया, आणि ज्यांना ऐकून समजेल असे सगळे. एज्रा शास्त्री लाकडी मंचावर उभा राहतो आणि पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो. आपल्याकडे उपदेश चाळीस मिनिटांच्या पुढे गेला की लोक घड्याळ बघतात! हे लोक सकाळभर कान देऊन ऐकत होते.

या अध्यायात मला तीन पायऱ्या दिसतात. ऐकलं, समजलं, केलं.

पहिल्या पायरीवर फार थांबत नाही. वाचायला हवं, एवढंच. रोज, थोडं, आणि सलग एका पुस्तकातून. इकडचं एक वचन, तिकडचं एक वचन असं नको. पनवेलहून सीएसएमटीला जायला सव्वा तासाच्या वर लागतो. तेवढ्यात मार्काचं अर्धं शुभवर्तमान वाचून होतं. आणि गाडीतलं वाचन कमी समजू नका. १८९३ च्या सुमाराची गोष्ट. नारायण वामन टिळक रेल्वेने राजनांदगावला निघाले होते. डब्यात एका अनोळखी युरोपियन गृहस्थाशी गप्पा झाल्या आणि त्याने टिळकांना नवा करार दिला. टिळक वाचत वाचत डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले, आणि मग त्यांना ते पुस्तक खाली ठेवता येईना. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. एका प्रवासात हातात आलेलं पुस्तक, आणि महाराष्ट्राच्या मंडळीला तिचा कवी मिळाला.

आता दुसरी पायरी, समजणं. इथं मला जरा वेळ घ्यायचा आहे.

नहेम्या सांगतो की एज्रा वाचत होता आणि लेवी लोकांना अर्थ समजावून सांगत होते. नुसतं मोठ्याने वाचून भागलं नाही. का? काही अभ्यासक म्हणतात की पिढ्यान्‌पिढ्या परदेशात राहून लोकांची बोली बदलली होती, शास्त्राची इब्री त्यांना जड जात होती. याच पुस्तकाच्या शेवटी, तेराव्या अध्यायात, नहेम्याला आढळतं की कित्येक घरांतल्या मुलांना यहुदी भाषा बोलताच येत नाही.

ऐकल्यासारखं वाटतंय ना? वाशी, नेरूळ, खारघर, कुठल्याही सेक्टरमध्ये जा. आजी नगरकडची किंवा जालन्याकडची. तिचं मराठी बायबल कापडात गुंडाळून कपाटात. नातू इंग्रजी शाळेत. तो मराठी बोलतो, पण जोडाक्षर आलं की अडतो. चर्चमध्ये 'नीतिमत्त्व', 'प्रायश्चित्त', 'पावित्र्य' असे शब्द आले की तो मान खाली घालून मोबाइल बघतो. आपण म्हणतो, पोरांना आवड नाही. अहो, आवड नंतरची गोष्ट. आधी त्याला कळलं का, हे कोण विचारतं?

हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी एका बाईने विचारला होता, आणि त्याचं उत्तर द्यायला तिने आयुष्याची शेवटची वर्षं घातली. पंडिता रमाबाई. वडील अनंतशास्त्री डोंगरे. आईवडिलांकडून संस्कृत शिकलेली ही मुलगी. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये तिचा बाप्तिस्मा झाला. पुढे दुष्काळात सापडलेल्या मुली आणि विधवा यांच्यासाठी पुणे जिल्ह्यात केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या सुमारास तिथं दोन हजारांच्या आसपास जीव राहत होते.

आता या बायकांच्या हातात बायबल द्यायचं. मराठी भाषांतर होतं की. विल्यम कॅरीने श्रीरामपूरला मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत छापलं ते १८०५ मध्ये, आणि त्यानंतर मिशनऱ्यांनी आणि इथल्या पंडितांनी पुष्कळ मेहनत घेतली होती. पण ती मराठी शिकलेल्यांची होती, संस्कृत शब्दांनी भरलेली. रानात मजुरी करून आलेल्या, नुकतीच अक्षरं गिरवायला लागलेल्या बाईला ती पेलत नव्हती. रमाबाईंना स्वतःला काहीच अडचण नव्हती, संस्कृत त्यांच्या जिभेवर होतं. पण समोरच्या बाईला कळत नाही, हे त्यांना खुपलं. त्या इब्री आणि ग्रीक शिकल्या आणि त्यांनी सगळं बायबल पुन्हा सोप्या मराठीत आणायला घेतलं. छापखाना मुक्तीतच. खिळे जुळवायला, छापायला बायकाच. १९२१ च्या जुलैमध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, तेव्हा भाषांतर हातावेगळं झालं होतं. पूर्ण ग्रंथ छापून झाला तो त्यांच्यामागे, १९२४ मध्ये.

मला यातून काय दिसतं सांगू? ज्या बाईला सगळ्यात जास्त संस्कृत येत होतं, तिनेच ते बाजूला ठेवलं. ज्याला जास्त येतं त्याने खाली वाकायचं असतं. लेवींनी लोकांना अर्थ समजावून दिला, तसंच हे. मग घरात आपण काय करतो? नातवाला म्हणतो, 'तुला मराठी वाचता येत नाही, लाज वाटत नाही?' त्यापेक्षा हे करून बघा. नातवाने त्याच्या इंग्रजी बायबलमधून उतारा मोठ्याने वाचावा आणि आजीने तोच उतारा आपल्या शब्दांत मराठीत सांगावा. चुकलं तर दोघांनी मिळून पुस्तकात बघावं. दहा मिनिटं पुरतात. त्याला मराठी मिळते, तिला ऐकणारं माणूस मिळतं.

समजण्याबद्दल आणखी एक, आणि हे गंभीर आहे. अर्धवट समजलेलं वचन लागू केलं तर इजा होते. फिलिप्पैकरांच्या पत्रातलं, सामर्थ्य देणाऱ्याच्या ठायी सर्व काही करता येतं अशा अर्थाचं वचन आपण दहावीच्या मुलाच्या कंपासपेटीवर चिकटवतो. आधीची दोन वचनं वाचा. पौल तुरुंगात आहे आणि भरल्या पोटी आणि उपाशीपोटीही समाधानी राहायला शिकलो, असं सांगतोय. टक्क्यांचा विषयच नाही तिथं. बरं, यात फार नुकसान नाही. पण इफिसकरांच्या पत्रातलं पत्नीने अधीन असण्याचं एवढंच वचन उचलून, मार खाणाऱ्या बाईला 'सहन कर' म्हणून परत पाठवतात, तेव्हा? त्याच्या आधीच्या वचनात सगळ्यांनी एकमेकांच्या अधीन व्हायचं आहे. आणि त्यानंतर नवऱ्याला सांगितलंय की ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिलं तशी प्रीती कर. हात उगारणाऱ्याला तिथं जागाच नाही. हे ऐकणारी एखादी बहीण अशा घरात असेल, तर तिला मी स्पष्ट सांगतो: सुरक्षित ठिकाणी जाणं म्हणजे वचन मोडणं नव्हे. विश्वासातल्या माणसाला सांगा. १८१ हा महिलांसाठीचा मदतीचा नंबर आहे, तो लावा.

आता तिसरी पायरी, करणं.

नहेम्याकडे परत येऊ. लोकांना समजलं आणि ते रडायला लागले. आपल्याला वाटेल झालं, संदेश पोहोचला. मंडळीत डोळ्यांत पाणी आलं म्हणजे सभा चांगली झाली, असं आपण धरूनच चालतो. पण इथं पुढारी म्हणतात, रडू नका. जा, चांगलं खा-प्या, आणि ज्याच्या घरी काही शिजलं नाही त्याला वाटा पाठवा. बघा, शास्त्र समजल्यावर पहिली कृती काय? शेजाऱ्याकडे ताट पाठवणं. दुसऱ्या दिवशी घराघरांतले प्रमुख पुन्हा बसले, तर त्यांना मांडवांच्या सणाची आज्ञा सापडली. मग डोंगरावर जाऊन फांद्या आणल्या, गच्चीवर, अंगणात मांडव घातले. यहोशवाच्या काळापासून असं झालं नव्हतं, असं लिहिलंय. वाचलं त्याच महिन्यात केलं. आणि शेवटी काय आलं? मोठा आनंद.

करणं नेहमी एवढं आनंदाचं नसतं, हेही खरं. लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण घ्या. नवऱ्याचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांचा १९०० चा. मधली पाच वर्षं सोपी नव्हती. आधी ताटातूट, मग एकत्र राहूनही वेगळी चूल, वेगळं पाणी. कुणाच्या हातचं प्यायचं, कुणाच्या हातचं नाही, हे मनातून जायला वेळ लागला. 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांनी ते काही न लपवता सांगितलंय. देवापुढं सगळे सारखे, हे वाक्य एका मिनिटात पाठ होतं. पण ते घशाखाली उतरवायला पाण्याचा पेला हातात घ्यावा लागतो.

आपल्या मंडळीत आज हा पेला कुठं अडतो, ते ज्याचं त्याने शोधायचं. कुणाचं अडतं लग्न जुळवताना. कुणाचं कामवाल्या बाईचा पगार द्यायच्या वेळी. ती चार दिवस गावाला गेली की आपण पैसे कापतो, आणि याकोबाच्या पाचव्या अध्यायात मजुरांची अडवलेली मजुरी ओरडते आहे.

एका भावाने त्यांची गोष्ट सांगायची परवानगी दिली आहे, नाव न घेता. दोघे सख्खे भाऊ. वडिलांच्या पश्चात घराच्या हिश्श्यावरून बोलणं बंद. मंडळी एकच, म्हणून एक सकाळच्या उपासनेला जायचा, दुसरा संध्याकाळच्या. सहा वर्षं. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो की वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी समेट कर. थोरला मला म्हणाला, 'हे मी शब्बाथशाळेत शिकवलंय.' मी विचारलं, 'मग फोन कधी करताय?' तो बराच वेळ गप्प बसला. त्या आठवड्यात त्याने दोनदा फोन केला, धाकट्याने उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला. थोरला एवढंच म्हणाला, 'हिश्श्याचं नंतर बोलू. तुझी तब्येत कशी आहे?' कागदपत्रांचं अजून मिटलेलं नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण आईच्या स्मरणार्थ प्रार्थना झाली, त्या दिवशी दोघं एका सतरंजीवर बसले होते.

सगळ्याच घरांत तिसऱ्या फोनला उत्तर येतं असं नाही. आपल्या हातात फोन लावणं आहे, उचलणं नाही. येशूनेही पहिलं पाऊल ऐकणाऱ्यालाच सांगितलंय.

तर या आठवड्यासाठी एवढंच करू या. याकोबाचं पत्र घ्या, पाचच अध्याय आहेत, रोज एक. दोनदा वाचा, एकदा मनात, एकदा मोठ्याने. घरात कुणाला कळलं नसेल तर सोप्या शब्दांत सांगा. मग वहीत एकच ओळ लिहा, आणि त्या ओळीत माणसाचं नाव आणि दिवस असू द्या. 'मी अधिक प्रेमळ होईन' असं नको. 'बुधवारी मावशींचे कापलेले पैसे परत देईन' असं लिहा. रविवारी ती वही उघडा. झालं असेल तर देवाचे आभार माना. राहिलं असेल तर नवीन ओळ लिहू नका, तीच पुढच्या आठवड्यात न्या.

चला, प्रार्थना करू.

हे प्रभू, तुझं वचन आमच्या भाषेत आमच्या हाती यावं म्हणून ज्यांनी आयुष्य वेचलं त्यांच्याबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. आम्हांला समजू दे. ज्यांना समजत नाही त्यांच्याजवळ बसायला धीर दे. आणि जे समजलंय, पण आम्ही टाळत आलोय, ते या आठवड्यात करायला बळ दे. येशूच्या नावाने मागतो, आमेन.

पुढच्या भागात याकोबाचा दुसरा अध्याय घेऊ, सभेत श्रीमंताला खुर्ची आणि गरिबाला जमीन देणाऱ्यांबद्दल. तोवर, सलाम.