खडकांतलें तेल
(व्याख्यानाचा मजकूर)



तेल म्हटलें कीं आपणांस तेल्याचा घाणा आठवतो. आणि जमिनींत तेल सांपडलें असें ऐकलें कीं पाताळांत तेलाचें तळें असेल असें वाटतें. आम्हांसही पुष्कळ दिवस तसेंच वाटे. पण तळें वगैरे तेथें कांहीं नाहीं. कुंभाराच्या मडक्याच्या अंगांत जसें पाणी मुरतें, तसें हें तेल दगडाच्या बारीक छिद्रांत मुरून बसलेलें असतें. कोट्यवधि वर्षांपूर्वीं समुद्राच्या तळाशीं मेलेले सूक्ष्म जीव गाळाखालीं दडपले, पोटांतल्या उष्णतेनें शिजले, त्यांचें हें तेल झालें. तें पाण्याहून हलकें, म्हणून वर चढूं लागतें. वाटेंत घट्ट खडकाचें झांकण आडवें आलें कीं त्याखालीं सांचतें. तें झालें तेलक्षेत्र. झांकण नसेल तर तेल झिरपून वायां जातें.

ही जागा पाणाड्याच्या काठीला कळत नाहीं. आपल्या मुंबईसमोरच्या समुद्रांत १९६० नंतर रशियन जहाजानें तळाखालीं आवाजाच्या लाटा धाडून, त्यांच्या प्रतिध्वनीवरून खडकाचा फुगवटा ताडला. १९७४ च्या फेब्रुवारींत ‘सागर सम्राट’नें किनाऱ्यापासून सुमारें १६० किलोमीटरवर भोंक पाडलें, आणि चुनखडीच्या दगडांत तेल लागलें. १९७६ पासून तें निघूं लागलें. त्याच क्षेत्रास ‘बॉम्बे हाय’ म्हणतात.

आपल्या पंपांत जळतें तें डिझेल अशाच तेलांतून गाळतात. पण आपली विहीर पावसाळ्यांत भरते, ही कधींच भरत नाहीं. आंतला दाब कमी झाला कीं समुद्राचेंच पाणी खालीं दाबून तेल रेटावें लागतें. तरीही निम्म्याहून अधिक दगडालाच चिकटून राहतें.

आणि हें काढतो कोण? समुद्रांत लोखंडी खांबांवर उभ्या केलेल्या फलाटांवर मोठे इंजिनियर असतात, तसे वेल्डर, खलाशी, आचारीही असतात, तुमच्याआमच्या घरांतलेच. २७ जुलै २००५ रोजीं समुद्र खवळला होता. बोटें कापलेल्या एका आचाऱ्यास फलाटावर उतरवावयाचें होतें, म्हणून जहाज जवळ आलें, तें तेथल्या नळावर आदळलें. वायूचा भडका उडाला. दोनेक तासांत तो प्रचंड फलाट जळून कोसळला, आणि २२ माणसें गेलीं. त्यांतलीं कित्येक घरच्यांना शेवटचीं पाहावयासही मिळालीं नाहींत.