मुलींना प्रयोग शिकविताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसबाईंनी "विज्ञानावर चार शब्द बोला" असा निरोप धाडला. विज्ञान म्हटले की चंद्रावर गेलेल्या यानाविषयी काही ऐकावयास मिळेल, असे आपणांपैकी पुष्कळ जणींना वाटले असेल. तो विषय मोठा खरा, परंतु माझ्या आवाक्यातला नव्हे. माझे आयुष्य सातवी ते दहावीच्या मुलामुलींना विज्ञान शिकविण्यात गेले. तेव्हा मी बोलणार आहे ती सोयाबीनच्या दाण्याविषयी, आणि तो दाणा हाती देऊन मुलांना प्रयोग कसा मांडावयास शिकवावा व त्यातून अनुमान कसे काढावयास शिकवावे, याविषयी.

आपल्या मुलींच्या दप्तरात प्रयोगवही असते. तीत उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान अशी ठरावीक कलमे असतात. वही सुंदर असते, आकृत्या रेखीव असतात. परंतु पुष्कळदा होते असे की, अनुमान मार्गदर्शिकेतून आधी उतरवून होते आणि प्रयोग मागाहून होतो, किंवा होतच नाही. झालाच, आणि पुस्तकात लिहिल्याप्रमाणे रंग बदलला नाही, तर मूल डोळ्यांना दिसले ते सोडून पुस्तकात आहे तेच लिहिते. त्याला मी दोष देत नाही. गुण त्यालाच मिळतात. पण हे वळण वाईट आहे. जे दिसले नाही ते दिसले म्हणून लिहावयाची सवय आपण चौदाव्या वर्षी, तीही विज्ञानाच्या तासाला, लावतो.

याला वेगळा मार्ग काढणारी माणसे आपल्याकडे झाली. शेजारच्या मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातील १६ शाळांत एक उपक्रम सुरू झाला. मुले चार-चारांच्या टोळ्या करून स्वतः प्रयोग करीत, आणि 'बाल वैज्ञानिक' या त्यांच्या पुस्तकात उत्तरांपेक्षा प्रश्नच अधिक असत. परीक्षेला पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा होती, कारण उत्तर पुस्तकात सापडण्याजोगे नसेच. तीस वर्षे चालून २००२ साली तो उपक्रम सरकारने बंद केला. त्यासाठी फार पैसा लागत नव्हता, हे मी मुद्दाम सांगते. कारण "आमच्या शाळेत प्रयोगशाळा नाही" हे वाक्य मी फार वेळा ऐकले आहे.

प्रयोगशाळा आपल्या स्वयंपाकघरात आहे. थंडीच्या दिवसांत दही लागले नाही की आपण म्हणतो, गारठ्यामुळे. असेलही तसे. परंतु विरजण शिळे असेल, कमी पडले असेल किंवा दूध पुरेसे कोमट नसेल. खरे कारण कोणते, हे कळावयाचे असेल तर एकाच पातेल्यातले दूध दोन सारख्या वाट्यांत ओतावे, दोहोंत सारखेच चमचाभर विरजण घालावे, एक वाटी चुलीशेजारी गुंडाळून ठेवावी व दुसरी उघड्यावर. बदल एकच. उत्साहाच्या भरात एक वाटी स्टीलची व दुसरी मातीची घेतली, तर सकाळी फरक दिसेल खरा, पण तो उबेचा की मातीचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

आता सोयाबीनकडे वळू. आपल्या तुळजापूर तालुक्यात खरिपात सोयाबीन किती घरांत पेरले जाते, ते मी आपणांस सांगावयास नको. पुष्कळ जण घरचेच बी वापरतात. पेरणीपूर्वी त्याची उगवण तपासून घ्या, असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. रीत सोपी आहे. धुतलेले गोणपाट ओले करून पसरावे. बियाण्यातून न निवडता शंभर दाणे काढावेत आणि दहा ओळींत दहा-दहा, एकमेकांना न चिकटतील असे मांडावेत. वरून दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी करावी, ती सावलीत ठेवावी व ओल टिकवावी. सहा-सात दिवसांनी उघडून निरोगी कोंब मोजावेत. शंभरांत सत्तर वा अधिक आले तर बी पेरणीस योग्य. त्याहून थोडे कमी आले तर बियाणे वाढवावे. एकरी ३० किलोचा हिशेब ७० टक्के उगवणीस धरला, तर ६० टक्क्यांस ३५ किलो लागेल. फारच कमी आले तर ते बी पेरू नये. त्रैराशिक सातवीच्या मुलीला येते. तिला ते या कामी वापरावयास मिळाले की गणिताची गोडीही लागते.

ही झाली तपासणी. प्रयोग याच्या पुढे सुरू होतो, आणि तो प्रश्नाने सुरू होतो.

जुनी माणसे सांगतात, सोयाबीनची गोण माळवदावरून खाली टाकू नये, बी मार खाते. सांगण्यात तथ्य आहे; या दाण्याचे साल पातळ असते आणि कोंबाचा अंकुर सालीच्या अगदी लगत असतो. म्हणूनच मळणी यंत्राची गती कमी ठेवा आणि गोण्यांची उंच थप्पी लावू नका, असे कृषी विभागही सांगतो. पण वर्गातली मुलगी विचारते, "बाई, किती मार खाते? एकदा टाकली तर?" हा प्रश्न आला की मी पुस्तक मिटते.

मुलांना वाटते, प्रयोग सोपा आहे: ज्यांच्या घरी गोण वरून टाकली त्यांचे बी आणावे, ज्यांच्या घरी टाकली नाही त्यांचे आणावे, दोन्ही भिजवावे. आपण विचारावे, दोन्ही घरांचे वाण एक आहे काय? एकाची मळणी पावसात सापडली होती काय? मुले स्वतःच मान हलवितात आणि पाच मिनिटांत उत्तरावर येतात: बी एकाच गोणीतले हवे. ते नीट कालवून त्याचे दोन वाटे करावयाचे. एक वाटा पिशवीत बांधून माळवदावरून दहा वेळा फरशीवर टाकावयाचा, दुसरा तसाच ठेवावयाचा. गोणपाट, पाणी, खोली, दिवस सारे सारखे. न टाकलेला वाटा मुलांना निरर्थक वाटतो. "त्याला तर काहीच केले नाही," असे म्हणतात. परंतु त्याच्यावाचून टाकलेल्या वाट्याचा आकडा मुका राहतो. टाकलेल्यातले ७० उगवले, तर ते मार खाल्ल्यामुळे ७० की मुळातच ७०?

मोजणीपूर्वी दोन गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात. एक, प्रत्येकाचा अंदाज, सहीनिशी. दुसरी, वेडावाकडा वा कुजका कोंब धरावयाचा की नाही. हे आधी ठरले नाही, तर मोजताना आपल्या आवडीच्या बाजूचा वाकडा कोंब सरळ दिसू लागतो. एवढ्यासाठीच गुंडाळ्यांना केवळ आकडे द्यावेत, कोणता आकडा कोणत्या वाट्याचा ते एकीनेच वहीत लिहून ठेवावे आणि मोजणी दुसरीकडून करवावी. यात कोणाच्या प्रामाणिकपणावर संशय नाही. प्रामाणिक डोळासुद्धा पक्षपाती असतो.

याहूनही एक अवघड गोष्ट आहे, आणि ती शिकविण्यात मला सर्वांत अधिक आनंद वाटतो. मुख्य प्रयोगाआधी मी मुलांना एकाच गोणीतले, काहीही न केलेले बी दोनदा शंभर-शंभर घेऊन लावावयास सांगते. समजा, एका गोणपाटात ८२ उगवले आणि दुसऱ्यात ७६. मुले गोंधळतात. पाणी कमी पडले असेल, कोणी हात लावला असेल, अशी कारणे शोधू लागतात. कारण काहीच नसते. हजारो दाण्यांतून शंभर काढले की कधी चांगले चार अधिक येतात, कधी कमी. भाताची परीक्षा शितावरून होते हे खरे, पण बियाण्याची शंभरांवरूनही पुरती होत नाही. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की मग आदळलेल्या बियाण्याचे ७८ व न आदळलेल्याचे ८२ आले, तर मुलगी एकदम "सिद्ध झाले" म्हणत नाही. ती म्हणते, "बाई, एवढा फरक काही न करताही पडला होता." म्हणून प्रत्येक वाट्याची चार-चार गोणपाटे लावावयाची, आणि आदळलेल्यांची चारही दुसऱ्या चारांच्या खाली राहतात की आकडे एकमेकांत मिसळतात, ते पाहावयाचे.

मग अनुमान. येथे मी फार कडक असते. "सोयाबीन आदळू नये" हे अनुमान नव्हे, तो उपदेश झाला. अनुमान असे लिहावयाचे: या गोणीतले, या वाणाचे बी माळवदावरून दहा वेळा टाकल्यास त्याची उगवण इतकी कमी आढळली. एकदा टाकल्यास काय होते, ते आपण तपासलेले नाही. फरक दिसला नाही, तर तसेही निर्भयपणे लिहावे. मात्र "काहीच अपाय होत नाही" असे लिहू नये, कारण लहानसा अपाय एवढ्या दाण्यांत दिसला नसेल. अंदाज चुकलेल्या मुलीचे गुण मी कापत नाही. आकडा खोडून सुधारला, तर कापते.

एवढी बारीक चिकित्सा कशाला, असे कोणी म्हणेल. २०२० सालचा खरीप आठवा. मराठवाड्यात सोयाबीन उगवले नाही अशा हजारो तक्रारी झाल्या, आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने आपणहून त्याची दखल घेतली. दुबार पेरणीचा खर्च कोणाच्या दागिन्यांतून निघतो, ते या सभेत मी सांगावयास नको. शेत उगवले नाही, तर दोष बियाण्याचा असू शकतो; पण पुरेशी ओल होण्याआधी, म्हणजे ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होण्यापूर्वी, पेरले असेल; ट्रॅक्टरच्या पेरणीत बी चार सेंटिमीटरांहून खोल गेले असेल; वरून जमीन दडपली गेली असेल. शेतात ही सारी कारणे एकत्र नांदतात. मात्र पेरणीपूर्वी त्याच पिशवीतले शंभर-शंभर दाणे घरी लावून आकडा तारखेसह लिहिलेला असला, पिशवी, खूण-चिठ्ठी, पावती आणि मूठभर बी राखून ठेवलेले असले, तर निदान एका कारणाविषयी ठामपणे बोलता येते. बी निवडणारे हात बहुधा आपले असतात, आणि कोणते बी घ्यावयाचे ते ठरविताना मात्र आपल्याला विचारले जात नाही. मुलीने मांडलेला असा कागद वडिलांसमोर ठेवला, तर ते तो वाचतात, असा माझा अनुभव आहे.

न केलेल्या वाट्याची किंमत किती मोठी असते, याचे एक उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना शिकवून नवजात बालकांची घरी जाऊन काळजी घेण्याची पद्धत सुरू केली, आणि ४७ गावांत ती नव्हती. तेथे नेहमीच्या आरोग्यसेवा चालू होत्या. जन्म-मृत्यू दोन्हीकडे सारख्याच काटेकोरपणे नोंदले. पहिल्या गावांत १९९३ ते १९९५ या काळात हजार जन्मांमागे सुमारे ६२ नवजात बालके दगावत. १९९७-९८ साली हा आकडा सुमारे २५ वर आला. दुसऱ्या गावांत तो ५८च्या आसपास होता, तो साठाच्या घरातच राहिला. ती ४७ गावे नसती तर कोणीही म्हणाले असते, काळ सुधारला, रस्ते झाले, म्हणून मृत्यू घटले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात हे प्रसिद्ध झाले, आणि २०११ पासून आशाताईंनी नवजात बालकाच्या घरी भेटी द्यावयाची पद्धत देशभर आली. येथे बसलेल्या आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी बाळ पाहावयास जातात, त्या भेटींच्या मुळाशी हा प्रयोग आहे. आपल्या अणदुरात हॅलो मेडिकल फाउंडेशनच्या भारतवैद्य भगिनींचे काम पाहिलेल्यांना, गावची स्त्री हे करू शकते याचे नवल वाटणार नाही. पण नवल न वाटणे वेगळे आणि मोजून दाखविणे वेगळे.

आता कामाचे बोलते. येत्या मे महिन्यात, सुटी लागल्यावर, मंडळाच्या खोलीत आठवी-नववीच्या मुली घरोघरच्या सोयाबीनची उगवण तपासणार आहेत. ज्यांना आपले बी द्यावयाचे आहे त्यांनी अर्धा किलो आणावे. चांगले दाणे निवडून आणू नये, गोणीच्या वरून, मधून आणि तळातून थोडे थोडे काढून आणावे. पिशवीत वाण, मळणीची तारीख आणि गोण कोठे ठेवली होती, याची चिठ्ठी घालावी. नाव आत घडी करून ठेवावे, म्हणजे मोजणाऱ्या मुलींना ते दिसणार नाही. आकडे सातव्या दिवशी वाचून दाखविले जातील, आणि ज्यांचे कमी येतील त्यांचे बी पुन्हा एकदा लावले जाईल. गोणपाटे थोडी कमी पडत आहेत. घरात असेल त्यांनी द्यावे. मात्र ते धान्याचे असावे व धुऊन आणावे, खताच्या पोत्याचे चालणार नाही.