सुधारणा कोणाची, कोणाच्या खर्चाने?

(शिक्षक व कार्यकर्ते यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



१९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, हे माध्यमिक शाळेतला विद्यार्थी पाठ म्हणून दाखवतो. २४ जुलै १९९१ रोजी डॉ. मनमोहन सिंग यांनी नव्या आर्थिक धोरणाचा अर्थसंकल्प मांडला, हेही तो सांगतो. पहिल्या निर्णयाने शासनाने आर्थिक जीवनात हात पुढे केला, दुसऱ्याने तो मागे घेतला. मग दोहोंनाही 'सुधारणा' हे एकच नाव कसे? हा प्रश्न मात्र वर्गात निघत नाही. परीक्षेत तो येत नाही, म्हणून निघत नाही.

मराठी मनाला 'सुधारणा' हा शब्द आगरकरांच्या 'सुधारक'पासून आदराचा वाटत आला आहे. त्यामुळे एखाद्या सरकारी निर्णयावर हा शिक्का बसला की त्याचे समर्थन आपोआपच होऊन जाते. म्हणून शिक्षकाने पहिल्याच तासाला फळ्यावर दोन प्रश्न लिहावेत: सुधारणा कोणाची? आणि कोणाच्या खर्चाने?

कूळकायद्याचे उदाहरण घ्यावे. मुंबई राज्यात १९४८ साली हा कायदा झाला. १९५६ च्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला आणि त्या दिवशी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे खरेदीदार मानले गेले. पाठ्यपुस्तकाला एवढे पुरते. परंतु त्याच साली गोखले संस्थेच्या वतीने दांडेकर आणि खुदानपूर यांनी १९४८ च्या कायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी प्रसिद्ध केली. अनेक ठिकाणी कुळांनी 'स्वखुशीने' जमिनी सोडल्याची नोंद होती. ती खुशी कसली होती, हे गावातल्या कोणाही वृद्धाला विचारावे. उलट बाजूही आहे. जमीनमालक विधवा, अज्ञान किंवा अपंग असल्यास कायद्याने ही खरेदी पुढे ढकलली होती. चार एकरांच्या खंडावर जगणारी विधवा आणि तीच जमीन वीस वर्षे कसणारे कूळ यांत न्याय कोणाचा? पंधरा वर्षांच्या मुलांना हा प्रश्न समजतो. किंबहुना, त्यांच्यापैकी काहींच्या घरी त्याचा निकाल सातबाऱ्यावर लिहिलेला असतो. तो उतारा आणि त्यामागचे फेरफार वर्गात आणले, तर इतिहासाला दुसरे साधन शोधावे लागणार नाही. ज्यांच्या घरी सातबाराच नाही, त्या शेतमजुरांच्या मुलांनी मग विचारावे की आमच्या आजोबांचे नाव कोणत्या रकान्यात होते. कोणत्याच रकान्यात नव्हते, हे उत्तरही इतिहासच होय.

१९९१ चा धडाही असाच उलगडावा. त्या उन्हाळ्यात परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीला पुरेल एवढी उरली होती. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने तारण म्हणून लंडनला गेले. १ आणि ३ जुलै रोजी रुपयाचे दोनदा अवमूल्यन झाले. अठरा उद्योग वगळता बाकीच्यांचे परवाने रद्द झाले. याच अर्थसंकल्पात खतांच्या किमती सरासरी ४० टक्क्यांनी वाढवण्याचा प्रस्ताव होता. त्याला विरोध झाला, तेव्हा वाढ ३० टक्क्यांवर आली आणि अल्पभूधारकांना तीतून वगळण्याचे ठरले. विद्यार्थ्याच्या दृष्टीने या प्रकरणातला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. 'दुसरा मार्गच नव्हता' असे सांगितले जात असतानाही लोकांच्या आवाजाने मार्ग थोडा वळला. आर्थिक धोरण हे पावसासारखे आकाशातून पडत नाही. ते माणसे ठरवतात आणि माणसांना ते बदलताही येते.

येथे समाजवादी कार्यकर्त्याने स्वतःशीही प्रामाणिक राहिले पाहिजे. परवाना पद्धतीचा हेतू आर्थिक सत्तेचे केंद्रीकरण रोखणे हा होता. प्रत्यक्षात बड्या घराण्यांनीच परवाने अडवून ठेवल्याचे आर. के. हजारी यांच्या १९६७ च्या अहवालाने दाखवून दिले. सामान्य माणूस मात्र टेलिफोनसाठी आणि स्कूटरसाठी वर्षानुवर्षे ताटकळत राहिला. हे मुलांपासून लपवले, तर सरकारी पोथीच्या जागी पक्षाची पोथी येईल, एवढेच. राष्ट्रीयीकरणानंतर ग्रामीण भागातील बँकशाखा सुमारे १,८०० वरून १९९० पर्यंत ३४,००० च्या पुढे गेल्या, हे अभिमानाने सांगावे. त्या शाखेच्या काउंटरवर भूमिहीन बाईला कशी वागणूक मिळाली, हेही त्याच तासाला विचारावे.

'शाळेत राजकारण नको' असा आक्षेप यावर घेतला जाईल. पक्षाचा प्रचार शाळेत नको, हे निर्विवाद. परंतु निर्णय कोणी घेतला, कोणाच्या मागणीवरून घेतला, लाभ कोणाला झाला, तोटा कोणी सोसला आणि दुसरा पर्याय कोणता होता, हे विचारणे प्रचार नव्हे. ते न विचारता तारखा पाठ करून घेणे हाच खरा प्रचार आहे. तो सत्तेवर जो कोणी असेल त्याचा असतो.

या कामाला नव्या पुस्तकाची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक तालुक्यात निवृत्त तलाठी आहेत, बँकेचे जुने कर्मचारी आहेत, बंद गिरणीतले कामगार आहेत. शिक्षकाच्या संमतीने त्यांना वर्षातून एक तास वर्गापुढे उभे करावे आणि मुलांना प्रश्न विचारू द्यावेत. दहावीनंतर अनेकांची शाळा सुटते. मतदानाला मात्र ती सर्वच मुले तीन वर्षांनी जाणार आहेत. अर्थसंकल्पाच्या बातमीपुढे बसून 'यात आमचे काय?' असे विचारण्याची सवय त्यांना शाळेतच लागली, तर तो तास सत्कारणी लागला असे म्हणता येईल.