पावसाळी परसबाग : माझा अनुभव

(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी परसबागेवर बोलायला सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आजवर हळदीकुंकवाच्या उखाण्याखेरीज चारचौघींत तोंड उघडलेले नाही. पण त्या म्हणाल्या, "व्याख्यान नको, त्या पावसात तुम्ही काय केलेत तेवढेच सांगा." म्हणून उभी राहिले आहे. चुकले-माकले तर पोटात घाला.

२०२५ सालचा मे महिना आपल्यापैकी कोणी विसरली नसेल. वीस तारखेच्या सुमारास जो पाऊस लागला तो थांबेचना. २४ मे रोजी मोसमी पाऊस केरळात आला आणि दुसऱ्याच दिवशी तळकोकणात. एरवी आपण मृगाच्या आसपास त्याची वाट बघायची, आणि इथे रोहिणी लागायच्या आत अंगणात तळे! कोणाचे पापड वाळायचे होते, कोणाची लाकडे उघड्यावर होती. आमच्या घराची तर कौलेसुद्धा चाळून झाली नव्हती.

माझ्या परसात तेव्हा मिरची, वांगी आणि माठ होता. उन्हाळ्यात पाणी मुरावे म्हणून प्रत्येक रोपाला आपण आळे करतो, तशी माझी आळी होती. ती मोडायला सवडच मिळाली नाही. पाण्यात उभे असूनही रोपांनी माना टाकल्या, पाने पिवळी पडली. मुळाशी पाणी तुंबले की मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात, हे तेव्हा उपटून पाहिल्यावर डोळ्यांना दिसले. माठाची तर आमटीच झाली म्हणा ना! मोगऱ्याच्या कळ्या उमलण्याआधीच तांबूस होऊन गळाल्या.

पण हे काहीच नव्हे. माझ्या सासूबाईंचे पडवळाचे बी होते. त्यांच्या लग्नापासूनचे, असे त्या सांगत. वेलावर एक पडवळ लालबुंद होईपर्यंत ठेवायचे, बिया धुऊन सावलीत सुकवायच्या, राखेत घोळायच्या आणि सुक्या भोपळ्याच्या तुंब्यात भरून चुलीवर टांगायच्या. धुराने त्याला कीड लागत नसे, ओलही नसे. सासूबाई गेल्या, चूल मागे पडवीत गेली, तुंबा फुटला. मी ते बी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवले. त्या आठवड्यात तिथेच गळले. पिशवी सोडली तर आत बुरशी, आणि चार दाण्यांना कोंब येऊन तेही कुजलेले. मी किती वेळ तशीच बसले होते कोणास ठाऊक. ह्यांनी "बाजारात मिळेल की दुसरे" म्हटले, तर मी त्यांच्यावरच रागावले.

आता एक लाजेची गोष्ट सांगते. आमच्या खालच्या अंगाला एक वहिनी राहतात. चार वर्षे आमचे बोलणे नव्हते. कारण आमच्या पागोळ्यांचे पाणी त्यांच्या अंगणात जाते हे. मी म्हणायची, पाणी उताराने जाणारच, त्यात माझा काय दोष! त्यात मेअखेरीस वाफे वाचवायला म्हणून मी परसातून गुडघाभर चर खणला, आणि सगळे पाणी गडग्याच्या भोकातून त्यांच्या अबोलीत गेले. दोन दिवसांत त्यांची अबोली बसली. त्या गडग्याशी येऊन नुसत्या बघत उभ्या राहिल्या. भांडल्या असत्या तर बरे झाले असते.

आणि मला आठवले, सासूबाईंनी पडवळाचे बी त्यांनाही दिले होते.

तीन दिवस मी त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आले. चौथ्या दिवशी उंबऱ्यापाशी उभी राहून सांगितले, "वहिनी, आत्यांचे बी माझ्या हातून गेले." त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आधी पाणी वळव, मग बी ने."

आम्ही दोघांनी दीड दिवस खपून गडग्याच्या कडेने चर नेला आणि पाणी वहाळाला सोडले. खाली जांभा लागला, पहारीने फोडावा लागला. संध्याकाळी वहिनींनी कागदाच्या पुडीत सात बिया आणून दिल्या. सातच, कारण त्यांच्याकडे तेवढ्याच उरल्या होत्या. स्वतःला त्यांनी दोन ठेवल्या.

त्या बिया मी जमिनीत लावल्याच नाहीत. नारळाच्या करवंट्यांना भोके पाडून, माती, शेणखत आणि राख भरून पडवीत रुजवल्या. पाच उगवल्या. परसात आळ्याऐवजी वीतभर उंच वाफे केले, कडेला चिऱ्याचे तुकडे लावले. चार पाने आल्यावर रोपे तिथे लावली. एक गोगलगाईने रातोरात खाल्ले. मग मी गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट पसरून ठेवायला लागले. रात्री गोगलगाई त्याखाली जमतात. पहाटे बॅटरी घेऊन, हातात पिशवी घालून वेचायच्या आणि साबणाच्या पाण्यात टाकायच्या. किळस येते खरी, पण चार दिवसांत सवय होते.

पावसाच्या झडीत मधमाश्या फिरकत नाहीत, म्हणून कोवळे फळ पिवळे पडून गळते. पडवळाचे फूल संध्याकाळी उमलते. तेव्हा नर फूल तोडून त्याचे केसर मादी फुलाला, म्हणजे ज्याच्या मागे बोटभर पडवळ असते त्याला, हलकेच टेकवावे. भोपळ्याचे हेच काम सकाळी करावे. फळ धरले की टोकाला दोऱ्याने लहानसा दगड बांधावा म्हणजे ते सरळ वाढते. फळमाशी डंख करते, त्यासाठी मी कागदाची लांब पिशवी घातली. कारल्यालाही तीच युक्ती. कारले मी दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे 'कोकण तारा' लावले आहे.

फुलांचे थोडक्यात सांगते. तगर, अनंत आणि सोनटक्का यांना पाऊस मानवला. तेरडा आपोआप आला, गौरीला पुरला. झेंडूची रोपे कुंड्यांतून पागोळीच्या आत ठेवली, आणि पाऊस उणावल्यावर वाफ्यावर लावली. दसऱ्याच्या तोरणाला फुले विकत घ्यावी लागली नाहीत. मोगरा मात्र अजून रुसलेला आहे.

२८ ऑगस्टला ऋषिपंचमी होती. बैलाच्या श्रमाचे खायचे नाही, हाताने पिकवलेलेच, म्हणून त्या दिवशी परसातल्या भाजीचा मान. अळू, भेंडी, माठ आणि पहिले पडवळ. ते अर्धे कापून वहिनींकडे दिले. त्या म्हणाल्या, "माझ्याही वेलाला आहे हो." पण घेतले.

एक पडवळ वेलावर पिकू दिले होते. त्याचे बी निघाले आहे, अर्धे वहिनींकडे ठेवले आहे, अर्धे माझ्याकडे आहे. चूल नाही म्हणून ते राखेत घोळून काचेच्या बरणीत, सुक्या फडताळात ठेवते आणि अधूनमधून ऊन दाखवते. ज्यांना हवे असेल त्यांनी कार्यक्रम संपल्यावर माझ्याकडे यावे. पुडी कागदाची आणा, आणि दोन-तीन बियांहून जास्त मागू नका, सर्वांना पुरायला हव्यात.