सूक्ष्मतरंगांची चूल



संतवाङ्मय, राज्यघटना, अर्थकारण अशा भारदस्त विषयांच्या पंक्तीला स्वयंपाकघरातील एक पेटी येऊन बसलेली पाहून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु गावातील पुष्कळ घरांत आज ही पेटी आहे. कोणी ती हौसेने घेतली. कोणाच्या मुलाने वा मुलीने परदेशाहून चार दिवस येऊन, "आई, आता रात्री गॅसपाशी उभी राहू नकोस," असे म्हणून ओट्यावर बसवून दिली. मुले परत गेली, पेटी राहिली. तिच्याशी वागण्याच्या दोन तऱ्हा मला आढळतात. काही घरांत तिच्यावर भरतकामाचा रुमाल कायमचा पसरलेला असतो, कारण 'त्या किरणांनी काहीतरी होते' अशी धास्ती असते. काही घरांत याच्या उलट. कालचा भात, बाळाचे दूध, अंडे, जे हाती येईल ते आत ढकलून बटण दाबले जाते. माझे म्हणणे असे आहे की, दोन्ही घरांत भीतीची जागा चुकली आहे. किरणांना भिण्याचे कारण जवळजवळ नाही. उष्णतेला भिण्याचे आहे. आणि जेथे उष्णता पोहोचलीच नाही अशा घासाला तर त्याहून अधिक आहे.

या यंत्राचा जन्म स्वयंपाकघरात झाला नाही, युद्धात झाला. शत्रूची विमाने दुरून हेरणाऱ्या रडारसाठी लघुतरंग निर्माण करणारी मॅग्नेट्रॉन नावाची नळी लागत असे. तिचे प्रभावी रूप इंग्लंडात बर्मिंगहॅम येथे रँडल आणि बूट या दोघांनी 1940 साली सिद्ध केले. पुढे अमेरिकेत रेथिऑन कंपनीत काम करणाऱ्या पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातील खाऊची वडी अशा नळीजवळ वितळली, अशी हकीकत सांगतात. शालेय शिक्षणही पुरे न झालेल्या या माणसाने त्या वितळलेल्या वडीचा अर्थ ओळखला आणि 1945 मध्ये पेटंटासाठी अर्ज केला. 1947 साली विक्रीस आलेली पहिली भट्टी पुरुषभर उंच होती, तिचे वजन तीनशे किलोहून अधिक होते आणि तिला थंड ठेवण्यासाठी पाण्याचा नळ जोडावा लागे. ओट्यावर मावेल अशी पेटी अमाना कंपनीने 1967 साली 495 डॉलरला बाजारात आणली.

तिच्या नावाने पुष्कळ घोटाळा केला आहे. मायक्रोवेव्ह म्हणजे सूक्ष्मतरंग. पण या तरंगाची लांबी सुमारे 12 सेंटिमीटर, म्हणजे चांगली पसाभर असते. रेडिओच्या तरंगांपुढे तो लहान, एवढ्यापुरताच सूक्ष्म. क्ष-किरणांशी त्याचे नाते लांबचे आहे. क्ष-किरण अणूतील इलेक्ट्रॉन उखडून काढू शकतो. एवढी शक्ती या तरंगाच्या अंगी नाही. तो इतकेच करतो की, अन्नातील पाण्याच्या रेणूंना सेकंदाला सुमारे 245 कोटी वेळा उलटसुलट फिरावयास लावतो. त्या धक्काबुक्कीतून उष्णता निर्माण होते. दिवा मालवला की उजेड उरत नाही, तसे यंत्र थांबले की तरंगही उरत नाहीत. अन्नात राहते ती केवळ ऊब. अन्न 'किरणोत्सारी' होते ही समजूत सर्वस्वी निराधार आहे. जीवनसत्त्वांविषयी म्हणाल, तर भाजी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी मोरीत ओतण्यापेक्षा या पेटीत चमचाभर पाण्यावर शिजवली तर 'क' जीवनसत्त्व अधिकच राखले जाते.

पेटीच्या भिंती धातूच्या असतात आणि दाराच्या काचेत बारीक छिद्रांची जाळी असते. बारा सेंटिमीटरच्या तरंगाला त्या इवल्या छिद्रांतून बाहेर पडता येत नाही. प्रकाशाचा तरंग त्याहून फारच लहान, म्हणून आपल्याला आतले दिसते. गळतीची मर्यादाही ठरलेली आहे. अमेरिकेतील नियम असा की, पेटीच्या उभ्या आयुष्यात तिच्यापासून सुमारे 5 सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला 5 मिलिवॉटहून अधिक गळती होता कामा नये. आणि दोन पावले मागे सरताच ती झपाट्याने कमी होते. दार उघडताच यंत्र बंद पाडणाऱ्या कळा आत असतातच. तेव्हा पाहावयाचे ते इतकेच : दार वाकडे झाले आहे काय, बिजागरी सैल आहे काय, कडेला खरकटे साचून दार नीट मिटेनासे झाले आहे काय. तसे असेल तर दुरुस्ती होईपर्यंत पेटी वापरू नये.

आता ज्यासाठी मी उभा आहे त्या मुद्द्याकडे येतो. हे तरंग भिंतींवर आपटून परततात आणि एकमेकांत मिसळतात. त्यामुळे पेटीत काही ठिकाणी जोर फार, तर काही ठिकाणी जवळजवळ नाही, अशी स्थिती होते. याची प्रचीती घरी घेता येते. फिरते ताट काढून त्या जागी न फिरणारी काचेची बशी उपडी ठेवा, तिच्यावर उडदाचा पापड ठेवा आणि वीसएक सेकंद यंत्र चालवा. पापड सगळा फुलत नाही. ठिपक्याठिपक्यांनी फुलतो, मधला भाग कच्चाच राहतो. फुललेल्या दोन ठिपक्यांतले अंतर साधारण सहा सेंटिमीटर, म्हणजे तरंगाच्या निम्म्या लांबीचे भरते. ताट फिरते ते हा दोष झाकण्यासाठी. पण तो पुरता झाकला जात नाही. शिवाय 'मायक्रोवेव्ह आतून बाहेर शिजवतो' हे जे म्हणतात तेही खरे नव्हे. तरंग अन्नात दोन-तीन सेंटिमीटर जाईपर्यंतच पुष्कळसे शोषले जातात. जाड गोळ्याच्या पोटात उष्णता जाते ती नेहमीच्याच हळूहळू वाटेने.

पापड कच्चा राहिला तर काही बिघडत नाही. पण त्या पापडाच्या जागी कालचा भात आहे अशी कल्पना करा. तांदळावर बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूची बीजे असतात आणि ती शिजवूनही मरत नाहीत. भात रात्रभर ओट्यावर राहिला की त्या उबेत ती रुजतात, वाढतात आणि त्यांतील काही एक विष सोडतात. हे विष पुन्हा तापवल्याने नष्ट होत नाही, गॅसवर नाही आणि या पेटीतही नाही. ओकाऱ्या सुरू झाल्या की आपण पाण्याला किंवा बाहेरच्या भेळेला दोष देतो. म्हणून भात उरला तर तासा-दोन तासांत, पसरट भांड्यात घालून, फ्रिजमध्ये गेला पाहिजे. त्यात म्हातारी माणसे आणि लहान मुले यांची गोष्ट आणखी वेगळी : आपल्याला एक दिवस त्रास होतो तेथे त्यांना सलाईन लावण्याची पाळी येते. आणि उरलेले अन्न घरात कोण खाते, हे मी आपणांस सांगावयास नको. एकटी राहणारी आजी दोन घास टाकून देत नाही.

फ्रिजमधले अन्न काढल्यावर करावयाचे ते अवघड नाही. मोठा गोळा ठेवू नये. भात मोकळा करून, थोडे पाणी शिंपडून, ताटलीत कडेकडेने पसरावा आणि मध्यभागी जागा रिकामी सोडावी. सैल झाकण घालावे, म्हणजे वाफ आत कोंडून थंड कोपरेही तापवते. अर्ध्या वेळेनंतर ढवळावे. यंत्र थांबल्यावर दोन मिनिटे तसेच राहू द्यावे. या दोन मिनिटांत उष्णता सर्वत्र पसरते, म्हणून हा वेळही शिजण्याचाच समजावयाचा. शास्त्रज्ञ 74 अंश सेल्सिअस ही खूण सांगतात. तापमापक नसेल तर मधला घास उघडून पाहावा, तेथूनही वाफ निघाली पाहिजे. कडेला हात भाजला म्हणून मध्यही तापले असेल असे धरून चालू नये.

याच असमान तापण्याचे दुसरे टोक म्हणजे चटका. पुरणपोळी तापवली की पोळी कोमट लागते आणि आतले पुरण मात्र जिभेला पोळते. कोरड्या पोळीपेक्षा ओलसर, गोड पुरण तरंग अधिक शोषते. बाळाच्या दुधाची बाटली या पेटीत कधीही तापवू नये. बाटली हाताला कोमट लागते आणि आतल्या दुधात एखादा कढत थर दडलेला असतो. गरम पाण्याच्या भांड्यात बाटली उभी करण्याची आपल्या आजीची रीत येथे आजही अधिक शहाणपणाची आहे.

साध्या पाण्याचे वर्तन तर फसवे असते. गॅसवर भांड्याच्या बुडाशी बुडबुडे येतात आणि पाणी उकळल्याची वर्दी देतात. गुळगुळीत, स्वच्छ कपात, या पेटीत, पाणी कधीकधी शंभर अंशांच्या वर जाऊनही निश्चल राहते. आपण कप उचलतो किंवा चहाची पुडी सोडतो आणि पाणी एकदम उसळून हातावर, तोंडावर येते. उपाय एका पैशाचाही नाही : कपात लाकडी चमचा ठेवावा, गरजेपेक्षा अधिक वेळ तापवू नये, आणि थांबल्यावर मिनिटभराने कप बाहेर काढावा. सालीसकट अंडे आत ठेवू नये; साल काढलेले उकडलेले अंडेदेखील तापवताना नव्हे, दातांखाली फुटू शकते. बटाट्याला, भरताच्या वांग्याला काट्याने टोचे मारावेत. झाकण काढताना आपल्यापासून दूरची कड आधी उचलावी.

भांड्यांचा प्रश्न आपल्याकडे विशेष, कारण आपले स्वयंपाकघर म्हणजे स्टीलचे राज्य. स्टीलचा डबा तरंगांना परतवून लावतो. अन्न धड तापत नाही आणि पेटीच्या भिंतीशी किंवा दुसऱ्या धातूशी जवळीक झाली की ठिणग्या उडतात. सोनेरी काठाच्या लग्नातल्या कपबश्यांचीही तीच कथा. काच आणि चिनीमाती चांगली. एखाद्या भांड्याची शंका असेल तर ते रिकामे आत ठेवून शेजारी पेलाभर पाणी ठेवावे आणि मिनिटभर चालवावे : पाणी तापले आणि भांडे गार राहिले तर ते योग्य, भांडेच तापले तर परत फडताळात. हॉटेलातून आमटी ज्या पातळ प्लॅस्टिकच्या डब्यात येते त्यात ती तापवू नये. तेल-तुपाचा तवंग शंभर अंशांच्या बराच वर जातो आणि डबा मऊ पडतो. याच कारणाने फोडणी आणि तळण या पेटीत करावयाचे नाही.

हिशेबही निराळा आहे. गॅसवर एक वाटी आणि दोन वाट्या यांच्या वेळेत फार फरक पडत नाही. येथे माल दुप्पट झाला की वेळ जवळजवळ दुप्पट होते, कारण तरंगांची तीच शिदोरी अधिकांत वाटली जाते. 800 वॉटच्या पेटीत पाव लिटर पाणी दीड-दोन मिनिटांत उकळीला येते. म्हणून पाच माणसांचा भात कुकरातच लावावा, असे माझे स्पष्ट मत आहे. एका माणसाचे जेवण तापवणे, पापड, दाणे भाजणे (दर मिनिटाला हलवून), लसणीच्या पाकळ्या सोलण्यापूर्वी दहा-पंधरा सेकंद ठेवणे, यांत ही पेटी हुशार आहे. पोळी मात्र ओलसर फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा सेकंदच; अधिक झाली की वातड होते आणि मग तिला कोणी वाली नाही.

शेवटी विजेविषयी. या पेटीला जमिनीशी जोडणी असलेला, 16 अँपिअरचा स्वतंत्र प्लग द्यावा. रिकामी चालवू नये, कारण शोषणारे कोणी नसले की तरंग उलटून नळीवरच येतात. आत काही पेटले तर दार उघडू नये. बटण बंद करून प्लग काढावा, हवा न मिळाल्याने आग आपोआप विझते. आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन पाठ उघडण्याचा मोह घरातल्या कोणत्याही हौशी माणसाने धरू नये. आत हजारो व्होल्टांचा दाब असतो, आणि प्लग काढल्यानंतरही तेथील कपॅसिटरमध्ये माणसाचा प्राण घेण्याइतकी वीज साठून राहू शकते. दिवा गेला असो की ताट फिरेनासे झालेले असो, ते काम जाणत्या कारागिराकडे सोपवावे.